बोथट विळा

नळदुर्गच्या घरामागं तो काळा दगड अजून आहे. भाडेकरू त्यावर कपडे आपटतात. दगडाच्या मधोमध होडीच्या पोटासारखी खोलगट जागा झाली आहे आणि साबणाचं पाणी तिथं साचून राहतं. परवा मी त्यात बोटं बुडवली आणि उगाच हुंगून पाहिली. साबणच होता. ओल्या लोखंडाचा वास मला कशाला हवा होता, कोण जाणे.

ती खोलगट जागा अण्णांनी केली. एकट्या माणसाच्या हातांनी, विळे आणि खुरपी घासून घासून. अण्णा म्हणजे माझे वडील. ते जाऊन वर्ष झालं. आई सोलापुरात माझ्याजवळ असते. मी घराची कौलं पाहायला म्हणून आले होते आणि दगडापाशी तासभर बसून राहिले. भाडेकरणीनं दोनदा चहाचं विचारलं. तिला वाटलं असेल, मालकीण दगड मोजायला आली आहे.

घरामागं तेव्हा बाग होती. पेरूची वीस-पंचवीस झाडं, चार लिंबं, मधल्या वाफ्यांत मेथी, कांदे, वांगी, आणि कडेनं शेवंती. बाग उतरत उतरत बोरी नदीच्या काठापर्यंत जायची. पलीकडे किल्ल्याची तटबंदी दिसायची आणि संध्याकाळी तिच्यावरचं ऊन आधी केशरी, मग राखेच्या रंगाचं व्हायचं. नेमक्या त्या वेळेला अण्णा धार लावायला बसत.

आधी दगडावर करवंटीनं पाणी. मग पातं निजवून लांबच लांब घास. खस्स. थांबायचं. खस्स. पाणी काळं व्हायचं, दाट व्हायचं, त्यांच्या मनगटावरून ओघळायचं. एका बाजूनं घासलं की दुसऱ्या बाजूला लोखंडाची केसासारखी बारीक कड उलटते, ती बोटाला लागते पण डोळ्याला दिसत नाही. ती काढायला दोन हलके हात उलट्या अंगानं. मग अण्णा पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहत. नखावर घसरलं तर अजून घासायचं. नखाला धरून राहिलं तर झालं. शेवटी फडक्यावर करडईचं तेल घेऊन पातं पुसायचे. लोखंड, तेल आणि ओला दगड, या तिघांचा मिळून एक वास होता. तो आमच्या घराचा वास होता.

आणि एक नियम होता. धार कधी कुणाच्या हातात द्यायची नाही. विळा, खुरपं, स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. खाली ठेवायची, समोरच्यानं उचलून घ्यायची. हातातून हातात धार गेली की दोघांचं भांडण होतं. हे सगळं गाव मानायचं. आई अण्णांसमोर विळी ठेवायची, अण्णा आईसमोर विळा ठेवायचे. तरी त्या दोघांची भांडणं काही कमी नव्हती.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. निजामी राजवटीत अण्णा सोलापुरातून पत्रकं आणायचे, आणि त्यांचे मित्र दस्तगीरचाचा ती आपल्या बैलगाडीत, पेरूच्या पाट्यांखाली दडवून गावोगाव पोचवायचे. राजवट गेली, पत्रकं उरली. पत्र्याच्या डब्यात, पिवळी पडलेली, घड्यांवर फाटलेली. एका बाजूला छापलेली, दुसरी बाजू कोरी. मी पाटीवर बाराखडी गिरवण्याआधी 'बंधूंनो' वाचला, 'जुलूम' वाचला. बाकीच्या मुली भोंडल्याची गाणी पाठ करायच्या तेव्हा मी 'गोड बोलणाऱ्यांपासून सावध राहा' हे पाठ केलं होतं. पत्रकांनी मला सगळ्यात आधी जे शिकवलं ते स्वातंत्र्य नव्हतं, समताही नव्हती. संशय होता. माणूस काय म्हणतो ते ऐकून घे आणि मग तो काय करतो ते बघ. हे मला अण्णांनीच डब्यातून काढून दिलं होतं. ते माझ्या हातात आयतं दिलं, याचा त्यांना पुढं पश्चात्ताप झाला असेल का, ते मला विचारायचं राहून गेलं.

बागेत भिवाकाका कामाला होते. मांगवाड्यातले. घायपाताचे दोर त्यांच्याइतके पीळदार कुणी वळत नसे, आणि खुरप्यानं ते असं तण काढत की मेथीच्या काडीला धक्का लागायचा नाही. बोलायचे कमी. हसले तर आधी मिशीवरून हात फिरवत आणि मग हसत. अण्णांनी त्यांना बागेतल्या विहिरीवर पाणी भरू दिलं होतं. त्यावरून गावातल्या चार वजनदार माणसांनी अण्णांना वर्षभर टोमणे मारले. देवळात कुणी शेजारी बसेना. अण्णा हसून म्हणायचे, बरं झालं, मांडी घालायला जागा मिळाली. मला तेव्हा अण्णांचा इतका अभिमान वाटायचा की मी शाळेत जाताना मान वर करून चालायचे.

संशय कधी सुरू झाला ते मला नेमकं आठवतं. हुरड्याचे दिवस होते. हवेत भाजलेल्या कणसांचा धूर होता. अण्णांनी खुरप्याला धार लावली आणि ते भिवाकाकांसमोर, जमिनीवर ठेवलं. भिवाकाकांनी वाकून उचललं. हे मी शंभर वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी मात्र ते वाकले तेव्हा त्यांच्या पाठीकडे माझं लक्ष गेलं.  मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

मी अण्णांना सरळ विचारलं, भिवाकाकांच्या हातात का देत नाही.

"धार आहे गं. तुझ्या आईच्या तरी हातात देतो का?"

खरं होतं. उत्तर चोख होतं. आणि पत्रकांत लिहिलं होतं की चोख उत्तराला दोनदा तपासावं.

मग मी पहारा सुरू केला. सगळा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा. मी न्हाणीच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे आणि पुस्तकाच्या वरून बघायचे. त्या दिवसांचं सगळं मला त्या पहाऱ्यातूनच आठवतं, याचं आता वाईट वाटतं. पेरूंना पाड लागल्याचा घमघमाट, पोपटांची कलकल, शेवंतीच्या शेवटच्या फुलांवर उतरणारं धुकं, पंपाशिवायच्या त्या विहिरीवरची मोटेची कुरकुर. दुसऱ्या कुणा मुलीनं हे सगळं नुसतं भोगलं असतं. मी त्यातून पुरावा शोधत होते.

धार लावलेलं हत्यार सगळ्यांच्याच पुढ्यात खाली ठेवलं जायचं. त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या वेळेला बघत होते. सकाळी नव्हे, संध्याकाळी बघायला हवं होतं. हत्यारं बोथट होऊन परत यायची तेव्हा.

दस्तगीरचाचा बैलांसाठी कडबा कापायला आमचा विळा न्यायचे. संध्याकाळी परत आणताना बांधावरूनच हात लांब करायचे. "लेव अण्णा, तुमचा इळा. नुसतं लोखंड राहिलंय बगा, याच्यानं तूप बी कापायचं न्हाय." आणि अण्णा तो विळा त्यांच्या हातातून आपल्या हातात घ्यायचे. वर त्यांच्या तळहातावर एक चापटी. बोथट पात्याला कसलं आलंय भांडण.

त्याच संध्याकाळी भिवाकाका आपलं खुरपं घेऊन आले. दिवसभर मुरमाड जमिनीत घासून त्याची धार पार गेली होती. त्यांनी ते दगडाशेजारी खाली ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकले. मग अण्णांनी ते उचललं.

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. दस्तगीरचाचांच्या हातून हातात, भिवाकाकांचं जमिनीवरून. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, कुणी रागावत नव्हतं, अण्णा आणि भिवाकाका आपापसांत पाण्याच्या पाळीचं बोलत होते. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला किळस आली.

माझे अण्णा पत्रकातले आहेत की जमिनीवर खुरपं ठेवून घेणारे, एवढा एकच प्रश्न मला तेव्हा होता.  त्यांना पुन्हा विचारायची मला भीती वाटत होती, कारण त्यांनी पुन्हा चोख उत्तर दिलं असतं आणि मी पुन्हा त्यावर विश्वास ठेवला नसता. म्हणून मी तेच केलं जे त्यांनी मला शिकवलं होतं. मी पत्रक काढलं.

डब्यातलं एक पत्रक घेतलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. बंधूंनो आणि भगिनींनो. ज्या घरात समतेची पत्रकं जपून ठेवली आहेत त्या घरात बोथट खुरपंसुद्धा भिवा मांगाच्या हातून घेतलं जात नाही. धारेचं निमित्त पुरे झालं. खाली माझं नाव, पूर्ण. निनावी पत्रक हे भित्र्यांचं काम, असं अण्णाच म्हणायचे. ज्वारीच्या पिठाची खळ केली आणि भरदुपारी, गाव जेवणं करून लवंडलेलं असताना, चावडीच्या भिंतीवर चिकटवलं. घरी आले तेव्हा मला वाटत होतं की मी किल्ला सर करून आले.

अण्णांनी ते संध्याकाळी काढून आणलं. वाळलेली खळ मागं लागलेली, एक कोपरा फाटलेला. त्यांनी ते दगडावर पसरलं, उभ्या उभ्या वाचलं, मग उलटून छापील बाजू बघितली. आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

"यात खोटं काही नाही," एवढंच ते म्हणाले आणि धार लावायला बसले.

दुसऱ्या दिवशी भिवाकाका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. अण्णा नुसते धार लावत होते. विळे, खुरपी, कुदळीचं टोक, छाटणीची कात्री, आईची विळी, माळ्यावरचा गंजलेला कोयता. धार लागलेल्याला पुन्हा धार. सबंध दिवस तो आवाज. खस्स. थांबणं. खस्स. आधी मला तो आवाज झोप आणायचा. आता तो मला काहीतरी विचारत होता असं वाटायचं, आणि मी कानात बोटं घालून आतल्या खोलीत बसायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मांगवाड्यात गेले. मला वाटलं होतं तिथं माझं कौतुक होईल. हे आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. भिवाकाकांची बायको सखूबाई अंगणात दोरासाठी घायपाताचा वाख पिळत बसल्या होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही. त्यांच्याकडूनच मला कळलं की त्या वजनदार चौघांनी भिवाकाकांना चावडीवर बोलावून घेतलं होतं. मालकाच्या पोरीच्या कानाला लागतोस, असं म्हणाले. कुणाच्याच रानात पाय ठेवायचा नाही, असंही म्हणाले. अण्णांना मात्र कुणी काहीच म्हणालं नव्हतं. उलट हसून म्हणाले होते, अण्णा, पोरगी तुमच्यावर गेली.

"म्या एक इचारू का, बाय," सखूबाई म्हणाल्या. हात थांबले नव्हते, वाखाचा पीळ चढतच होता. "नाव लिवताना तुमी त्येस्नी इचारलं व्हतं का?"

मी विचारलं नव्हतं. माझ्या मनात आलंसुद्धा नव्हतं. मी अख्खा हिवाळा त्यांच्या पाठीकडे बघत होते, आणि एकदाही त्यांच्याशी त्याबद्दल बोलले नव्हते. पत्रकात लोकांसाठी लिहायचं असतं. लोकांना विचारून लिहायचं असतं, असं डब्यातल्या एकाही कागदावर नव्हतं.

भिवाकाका घरातच होते. दारातून मला त्यांचे पाय दिसत होते. मी हाक मारली नाही.

त्या संध्याकाळी अण्णा कुठं जातो ते न सांगता बाहेर पडले. ते चावडीवर गेले होते, हे दस्तगीरचाचांनी नंतर सांगितलं. चौघांसमोर उभं राहून म्हणाले, पत्रक माझ्या मुलीनं लिहिलं, ते खरं आहे, आणि उद्या भिवा माझ्या बागेत येईल. ज्याला अडवायचं त्यानं मला अडवावं.  चौघांतला एकजण म्हणे तंबाखू मळत राहिला.

भिवाकाका चौथ्या दिवशी सकाळी आले. बागेच्या काटेरी फाटकापाशी उभे राहिले, आत आले नाहीत. दस्तगीरचाचा गाडी जुंपत होते, तेही थांबले. आई बाहेर आली. अण्णांनी सगळ्यांत चांगला विळा उचलला. त्याची मूठ बाभळीची होती, हात फिरून फिरून शिसवी दिसायला लागलेली. ते फाटकापर्यंत गेले आणि विळा उलटा धरून, मूठ पुढं करून, हात लांब केला.

 मला हवं होतं ते हेच.

भिवाकाकांनी विळ्याकडे बघितलं. मिशीवरून हात फिरवला, पण हसले नाहीत.

"धारेचं नगं, अण्णा," ते म्हणाले. "धारेचं कुनीच कुनाच्या हातात देत न्हाय. बोथट असंल ते द्या."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. सकाळ नव्हे, संध्याकाळ बघायची असते, हे माझ्याआधी कितीतरी वर्षं त्यांना ठाऊक होतं.

अण्णा दगडाकडे वळले आणि विळा खाली ठेवला. तिथं सगळी हत्यारं ओळीनं ठेवलेली. त्यांनी एकेक उचलून नखावर लावून बघितलं. खुरपी, कोयता, कात्री. तीन दिवस घासलेली सगळी. घरात बोथट असं एकही पातं उरलं नव्हतं. आईनं हळूच विळी पुढं सरकवली, तिलाही धार होती. दस्तगीरचाचा पुटपुटले, अब क्या करता रे बाबा.

 अण्णा खाली बसले, तो चांगला विळा उचलला आणि त्याची धार आडवी, सरळ दगडाच्या कडेवर दाबून ओढली. असा आवाज त्या दगडातून कधी निघाला नव्हता. आईनं डोळे मिटले. त्यांनी पुन्हा ओढली, आणि पुन्हा. करवंटीतलं पाणी कलंडून सगळं काळं त्यांच्या हातांवर आणि धोतरावर आलं. दुसऱ्याची धार खराब झाली तर ज्याला रात्रभर चैन पडायचं नाही, तो माणूस स्वतःच्या हातानं आपल्या विळ्याची धार मारत होता. मग त्यांनी पातं नखावर टेकवलं. ते घसरलं.

ते उठले, फाटकापाशी गेले आणि विळा पुढं केला. भिवाकाकांनी तो हातात घेतला. दोघांची बोटं मुठीवर एकमेकांना लागली. मी ती बघितली. किती वेळ लागली तेही बघितलं.

भिवाकाकांनी अंगठा पात्यावरून फिरवला. "वाटुळं केलं की चांगल्या इळ्याचं," ते म्हणाले, आणि फाटक ढकलून कामाला गेले.

दस्तगीरचाचा हसले, बैल हाकलले. आई आत गेली. अण्णा न्हाणीशी आले, रांजणातून पाणी घेतलं आणि हात धुवायला लागले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. कुणीही धुतले असते. मीही धुतले असते. तरी मी पायरीवर उभी राहून बघत होते की ते किती पाणी घेतात आणि किती वेळ घासतात. चार तांबे. मी अण्णांना तेव्हा काही विचारलं नाही. पुढं पंधरा वर्षं भिवाकाका त्यांच्या हातात हत्यार देत राहिले, त्यांच्या हातून घेत राहिले, आणि ते चार तांबे माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

काल मी भिवाकाकांकडे गेले. ते आता फारसे उठत नाहीत. सखूबाई नाहीत. मी त्यांना सांगितलं की मला हे सगळं लिहायचं आहे, आणि तुमचं नाव लिहू का, असं विचारलं.  मला वाटलं नाही म्हणतील.

"लिव," ते म्हणाले. "अण्णानं इळ्याची धार मोडली त्ये लिव. दुसऱ्या कुनी मोडली नसती." मग माझ्याकडे कुशीवर वळले. "आन हात धुतल्यालं बी लिव. म्या वाफ्यातनं बगत व्हतो. चार तांबे घेतले."